सिएना एडब्ल्यूडी: मागून घोंगावतंय, डिफरन्शियल गेलं म्हणायचं का?

बर्फाळ_बंड्या · शनिवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. विषय रूक्ष आहे पण इथे गाड्यांतले जाणकार बरेच आहेत म्हणून.

गाडी २०१३ ची टोयोटा सिएना, व्ही-सिक्स, ऑल-व्हील-ड्राइव्हवाली (चारी चाकांना ताकद जाते ती). १ लाख ३८ हजार मैल झालेत, म्हणजे किलोमीटरमध्ये सव्वादोन लाखाला जरा कमी. राहतो मिनियापोलिसजवळ, त्यामुळे वर्षातले पाच महिने बर्फ आणि रस्त्यावर मीठ, गाडीची खालची बाजू बघवत नाही.

आवाज असा: ४० मैलांपर्यंत काही नाही, मग मागून हळूहळू 'घुंऽऽऽ' सुरू होतं, ५० ते ५५ ला सगळ्यात जास्त, ६५ च्या पुढे वाऱ्याच्या आवाजात बुडून जातं. बायकोला आधी ऐकू आलं. मला दोन महिने ऐकूच येत नव्हतं कारण (तिच्या मते) मी गाडीत बसलो की आधी गाणी लावतो. तिसऱ्या रांगेत बसलेली मुलगी म्हणते विमानात बसल्यासारखं वाटतं.

इथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं मागच्या डाव्या चाकाचं हब बेरिंग गेलंय. बदललं, ३८० डॉलर गेले, आवाज जसाच्या तसा. परत गेलो तर तोच माणूस तितक्याच ठामपणे म्हणतो, रिअर डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) गेलंय, पूर्ण नवं टाकावं लागेल, मजुरीसकट २८०० डॉलर. आता ह्याच्यावर विश्वास कसा ठेवू? दर दुसऱ्या शनिवार-रविवारी दुलुथला जाणं असतं, थंडी तोंडावर आलीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निळू_मिसिसागा · शनिवार, रात्री ११.५२

पहिला प्रश्न, चारी टायर एकसारखे आहेत का? टायर कपिंग झालेले असले, म्हणजे ट्रेडवर खड्डे खड्डे पडलेले असले तर अगदी डिट्टो बेरिंगसारखा आवाज येतो. माझ्या आधीच्या गाडीत मी दोन बेरिंगं बदलली आणि शेवटी निघाले टायर. मागचे पुढे, पुढचे मागे करून बघ, फुकट आहे.

बर्फाळ_बंड्या · रविवार, सकाळी ८.०५

केलं होतं, लिहायचं राहिलं. आवाज मागेच राहिला. पण टायरबद्दल एक कबुली द्यायची आहे. मागच्या वर्षी पंक्चर झाल्यावर पुढचे दोनच नवे टाकले होते. ह्या गाडीला रन-फ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे टायर) येतात आणि स्टेपनी नसतेच, आणि रन-फ्लॅटच्या किमती बघून चार घ्यायचा जीव झाला नाही.

गॅरेजवाले_आप्पा · रविवार, सकाळी ८.३०

बंड्या, आवाज ऐकल्याशिवाय मी काय सांगणार, तरी चार गोष्टी विचारतो. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात तीस वर्षं हात काळे केलेत, तुझी सिएना काय मी बघितलेली नाही पण क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलातली मोठी आणि छोटी दातेरी चाकं, सगळीकडं सारखीच रडतात.

१) ॲक्सिलरेटर दिला की आवाज वाढतोय आणि पाय काढला की बदलतोय का?
२) डावीकडं-उजवीकडं गाडी जरा हलवली (मोकळ्या रस्त्यावर, जपून) तर फरक पडतो का?
३) पाय काढून परत दिला की 'टक्क' असा दणका बसतो का?
४) वळताना वेगळा आवाज हाय का?

एवढं सांग मग बोलू.

डब्बा_ड्रायव्हर · रविवार, सकाळी ८.४१

अवांतर: मिनीव्हॅनला ऑल-व्हील-ड्राइव्ह कशाला हवं म्हणतो मी. चार चांगले बर्फाचे टायर टाका, विषय संपला. आमची ओडिसी पुढच्या चाकांवर पंधरा वर्षं बफेलोत चालली.

बर्फाळ_बंड्या · रविवार, सकाळी ९.१५

@डब्बा_ड्रायव्हर, घरासमोर चढाचा ड्राइव्हवे आहे, वरती बर्फाचा काच झालेला असतो, सोबत सासूबाई. एवढंच बोलतो.

@आप्पा, आत्ताच जाऊन बघून आलो, गाणी बंद ठेवून.
ॲक्सिलरेटर दिला की आवाज जड होतो. पाय पूर्ण काढला की कमी होतो पण जात नाही. आणि मधे एक अवस्था आहे, वेग नुसता धरून ठेवण्यापुरता पाय टेकवला की तेव्हा जवळजवळ गायब होतो.
गाडी हलवली तर काही फरक नाही.
दणका नाही. वळताना वेगळं काही नाही.

गॅरेजवाले_आप्पा · रविवार, सकाळी ९.४०

मग चाकाचं बेरिंग नव्हतंच ते भावा. चाकाचं बेरिंग वजनावर बोलतं. गाडी डावीकडं झुकली की एका बाजूचं ओरडतं, उजवीकडं झुकली की गप्प बसतं. ॲक्सिलरेटरशी त्याला देणंघेणं नसतं. जे पायावर बोलतं ते ताकद वाहून नेणाऱ्या मार्गातलं असतं. पिनियनचं बेरिंग, नाहीतर क्राऊन-पिनियनचे दात, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे पुढनं मागं ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचं, मधलं बेरिंग. ह्या तिघांतला एक जण चोर हाय.

तेल बघितलं का कुणी डिफरन्शियलचं? आधी ते बघ. बाकी सगळं नंतर.

निळू_मिसिसागा · रविवार, सकाळी १०.०२

सोपी टेस्ट सांगतो. प्रोपेलर शाफ्ट मागून पुढून सोडून काढून ठेव, गाडी नुसती पुढच्या चाकांवर चालेल. आवाज गेला तर डिफरन्शियल खराब. आवाज राहिला तर दुसरं काहीतरी. तासाभराचं काम आहे.

कंपनसुंदरी · रविवार, सकाळी १०.४५

निळू, टेस्ट चांगली आहे पण निष्कर्ष उलटा काढताय. (मी नोव्हायला राहते, पोटापाण्यासाठी गाड्यांचे आवाज आणि कंपनं मोजते, म्हणून राहवलं नाही. नावावरून हसून घ्या एकदाचं.)

शाफ्ट काढला तरी मागची चाकं फिरतातच ना? चाकं फिरली की ॲक्सल फिरतात, ॲक्सलनी क्राऊन फिरतो, क्राऊननी पिनियन फिरतो. फक्त ताकद दुसऱ्या टोकाकडून, चाकाकडून येते आणि ती नगण्य असते. म्हणजे शाफ्ट काढल्यावर डिफरन्शियल काही झोपून जात नाही, ते रिकामं फिरत राहतं. त्यामुळे अर्थ असा लावायचा:

आवाज अजिबात बदलला नाही तर चाकाची बेरिंगं, टायर, किंवा डिफरन्शियलमधली क्राऊनच्या बाजूची बेरिंगं. आवाज कमी झाला पण वेगाबरोबर अजून ऐकू येतोय तर पिनियनच्या बाजूला संशय. आवाज साफ गेला तर आधी शाफ्टच्या मधल्या बेरिंगवर जा, कारण आता फिरत नाहीये असं तेच एक आहे. तिथे उगाच डिफरन्शियल बदललं तर दुसऱ्यांदा पैसे पाण्यात.

आणि एक, ज्या गाड्यांमध्ये पुढे सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं) असतं त्यांत शाफ्ट काढून चालवायच्या भानगडीत पडू नका, पुढे नवीनच दुखणं सुरू होईल. बंड्याच्या गाडीत मागच्या डिफरन्शियलच्या तोंडावर इलेक्ट्रॉनिक कपलिंग आहे, गरज पडली की ते मागे ताकद सोडतं, म्हणून इथे चालतं. डॅशबोर्डवर दिवे लागू शकतील, घाबरू नका.

बर्फाळ_बंड्या · रविवार, दुपारी १२.३०

हे इतकं नीट मला २८०० मागणाऱ्याने सांगितलं असतं तर मी कदाचित दिले पण असते.

टायरचं काय? दोन नवे दोन जुने, ते कारण असू शकतं का?

कंपनसुंदरी · रविवार, दुपारी १.१०

हिशोब करू. २३५/५५ आर १८ असेल तर टायरचा व्यास ७१६ मिलिमीटरच्या जवळ. नव्या-जुन्या ट्रेडमध्ये ५ मिलिमीटर फरक धरला तर व्यासात १० चा फरक, म्हणजे सुमारे १.४ टक्के. चाक मैलाला साधारण ७१५ फेऱ्या मारतं, त्यामुळे मागची चाकं पुढच्यांपेक्षा दर मैलाला दहा फेऱ्या जास्त मारतायत. तो फरक कपलिंगमधल्या क्लचच्या चकत्या घासून घासून पचवतात आणि त्यात तापतात. कपलिंगचं आयुष्य कमी होईल, पण पिनियनचं बेरिंग काही ह्यामुळे घोंगावायला लागत नाही. चूक आहे, पण ह्या गुन्ह्यातली नाही. पुढच्या वेळी चारी घ्या मात्र.

एक काम करा. फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम (कुठल्या पट्टीत किती आवाज आहे त्याचा आलेख) दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या, कोणालातरी मागे बसवा, ४०, ५०, ६० मैलांना दहा-दहा सेकंद रेकॉर्ड करा. ५० ला तुमचं चाक सेकंदाला जवळजवळ बरोबर १० फेऱ्या मारतं. क्राऊनला समजा ४० दात असतील तर दात एकमेकांत बसण्याचा आवाज ४०० हर्ट्झला यायला हवा. दात खराब असतील तर एक स्पष्ट उंच सुळका दिसेल, शिट्टी वाजवल्यासारखा. बेरिंग खराब असेल तर सुळका न दिसता पसरट टेकाड दिसेल, आवाज शिट्टीसारखा न येता घरघर येईल. आणि हे वेगाच्या प्रमाणात सरकलं पाहिजे, गिअर बदलला तरी जागचं हलता कामा नये. गिअरबरोबर हललं तर ते इंजिनचं पाप.

मिसळ_आणि_मोटर · रविवार, दुपारी १.३५

वाचनखूण साठवली आहे. मला डिफरन्शियल म्हणजे मागे असतो तो लाडू एवढंच माहीत होतं 😀 आमच्या इनोव्हाला पण २ लाख ७० हजार झालेत, तिचा लाडू आहे का ठीक कसं कळणार?

गॅरेजवाले_आप्पा · रविवार, दुपारी २.००

तुझी इनोव्हा मागच्या चाकावर चालते, तिचा लाडू सतत राबत असतो आणि सरळ मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमध्येच बसवलेला असतो. बंड्याचा वेगळा, तो खाली फ्रेमला रबरी माउंटांवर टांगलेला असतो आणि दोन्ही बाजूंनी ॲक्सल निघतात. कधी कधी ते रबर फाटलं की आतला बारीक आवाज पण गाडीत ढोलासारखा घुमतो, बंड्या, रबरं पण बघून घे. आणि मिसळ, तू तेल बदल आणि गप्प बस. रडत नाही तोवर उघडायचं नाही.

बर्फाळ_बंड्या · बुधवार, रात्री १०.१५

उशीर झाला, आठवड्यात वेळ मिळत नाही. रेकॉर्डिंग केलं, मुलगी तिसऱ्या रांगेत फोन धरून बसली, शाळेचा सायन्स प्रोजेक्ट असल्यासारखी. सुळका नाही, टेकाड आहे, पसरट. वेगाबरोबर उजवीकडे सरकतं, गिअर बदलला तरी तसंच. म्हणजे बेरिंग?

आणि तेल. ह्यात मजा झाली. खाली शिरलो, पहिला ड्रेनचा बोल्ट उघडायला गेलो...

गॅरेजवाले_आप्पा · बुधवार, रात्री १०.२२

अरे देवा. सांगू नको पुढचं.

बर्फाळ_बंड्या · बुधवार, रात्री १०.४०

😀 नाही आप्पा, वाचलो. पाना लावला आणि तुमच्या एका जुन्या धाग्यातलं वाक्य आठवलं, "भरायचा बोल्ट निघतोय का ते आधी बघ, तेल काढून बसलास आणि भरता आलं नाही तर गाडी तिथंच ठेवून चालत जावं लागेल". भरायचा बोल्ट असा गंजला होता की दोन रात्री गंज सोडवायचं औषध मारलं, पान्याला पाइप लावून जोर काढला, तेव्हा कुठे 'कर्रर्र' करून हलला. बोट आत घालून बघितलं, तेल बोटाला लागेचना. भोकाच्या काठापर्यंत असायला पाहिजे ना?

मग खालचा काढला. आलं ते जेमतेम चहाचे दोन कप, काळं, आणि वास असा की कुजलेली अंडी आणि फटाके एकत्र जाळल्यासारखं. बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप बोटभर. लेप बोटांत चोळला तर त्यात चमकणारे कण आहेत, पापुद्रे म्हणता येतील असे, एक-दोन नखाने उचलता आले.

डाव्या ॲक्सलच्या सीलजवळ (तेल अडवणारी रबरी कडी) सगळं तेलकट, त्यावर मातीचा थर चढलेला.

गॅरेजवाले_आप्पा · बुधवार, रात्री ११.०५

सापडला चोर. वास तेलाचाच, त्याला घाबरू नको, हायपॉइड गिअरच्या तेलात गंधक घालावंच लागतं. पिनियन क्राऊनच्या मध्यावर बसत नाही, खाली सरकवलेला असतो, त्यामुळे दात दातावर नुसता लोळत नाही, घसटतो. साधं तेल तिथं टिकत नाही. म्हणून जीएल-५, असल्या गिअरसाठीच्या तेलाचा दर्जा.

राखाडी लेप असतोच, ती रोजची झीज, त्याला मी काही म्हणत नाही. पण पापुद्रा म्हणजे बेरिंगचं कातडं सोललंय. तुझ्या त्या डिफरन्शियलात मुळात तेल किती, अर्धा लिटरच्या आसपास! त्यातलं निम्मं सीलमधून गेलं तर राहिलं काय? क्राऊन फिरताना जे तेल उडवतो त्यावर पुढचं पिनियन बेरिंग जगतं. पातळी खाली गेली की पहिला उपाशी मरतो तो.

अवि_७२ · बुधवार, रात्री ११.३०

मग सील बदलून नवं तेल घालून चालवा की. जाड तेल घाला, आवाज दबतो. आमच्याकडे केळ्याचं साल आणि लाकडाचा भुसा घालून जीप विकल्याच्या गोष्टी ऐकल्यात.

गॅरेजवाले_आप्पा · बुधवार, रात्री ११.३८

अवि, ते गाडी विकण्यासाठी, ठेवण्यासाठी नव्हे. आणि केळ्याची गोष्ट मी पण ऐकली, करणारा अजून भेटला नाही.

कंपनसुंदरी · गुरुवार, सकाळी ७.५०

जाड तेल तर मुळीच नको. २०११ ते २०२० च्या सिएनाला टोयोटा ७५डब्ल्यू-८५ (तेलाच्या जाडीचा आकडा) सांगते, जीएल-५. मिनेसोटात उणे २५ ला जाड तेल मधासारखं होतं, सकाळी पहिले दोन मैल बेरिंगपर्यंत काही पोचणारच नाही. आवाज दबेल, बेरिंग आणखी मरेल.

पापुद्रे दिसल्यावर मी लांबचा प्रवास करणार नाही. पिनियन बेरिंग सैल झालं की दातांचं एकमेकांत बसणं बदलतं, मग दात पण जातात, आणि फारच वाईट झालं तर पिनियन अडकून चाक धरतं. बर्फात मागची चाकं एकदम धरली तर काय होईल ते सांगायला नको.

बर्फाळ_बंड्या · गुरुवार, दुपारी १२.१५

ह्या शनिवारचं दुलुथ रद्द. आता दोन रस्ते: आहे तेच उघडून बेरिंगं बदलणं, नाहीतर भंगारातून वापरलेलं अख्खं आणणं. नवीन परवडत नाही.

गॅरेजवाले_आप्पा · गुरुवार, दुपारी १.००

उघड. अरे एका सुट्टीच्या दिवसाचं काम. दोन पिनियनची, दोन बाजूची, चार बेरिंगं आणि सील. दात चांगले असतील तर क्राऊन-पिनियनला हात लावायचा नाही. काढताना बाजूच्या कॅपांवर पंचानं खुणा कर, डावं-उजवं अदलाबदल झालं तर आयुष्यभर रडेल. शिम (मधली जागा भरणाऱ्या पातळ चकत्या) जिथली तिथं. बसवल्यावर शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या चार-पाच दातांना लाव, हाताने फिरव, पिनियनचा ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. टोकाला उमटला की शिम बदल. आमच्याकडं निळा रंग मिळायच्या आधी मारुतीचा शेंदूरच चालायचा, आणि खरं सांगू, अजून चालतो.

कंपनसुंदरी · गुरुवार, दुपारी १.४०

आप्पा, तुमच्या हाताला ते जमतं. बंड्याने आयुष्यात पहिल्यांदा डिफरन्शियलचं तेल परवा काढलंय. शेंदराच्या ठशापर्यंत पोचायच्या आधी बेरिंग ओढायला-बसवायला प्रेस लागतो, दातांमधली मोकळीक मोजायला डायल गेज लागतो (टोयोटाच्या बऱ्याच मागच्या डिफरन्शियलमध्ये ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर असते, केसाच्या जाडीची दुप्पट-तिप्पट म्हणा), आणि पिनियन बेरिंगवरचा दाब पारखायला फिरवण्याची ताकद मोजणारा छोटा पाना लागतो. तो दाब नट आवळत आणतात. जास्त आवळलं तर नट मागे फिरवून चालत नाही, आतली चेपणारी नळी असेल तर ती नवीन घालावी लागते. गाडी एकच आहे घरात. इथे शिकायला जागा नाही.

गॅरेजवाले_आप्पा · गुरुवार, दुपारी १.५२

बाई बरोबर बोलतायत. पण भंगारातलं आणणार म्हणजे दुसऱ्याचं मांजर पोत्यात घेणार, हे लक्षात ठेव.

निळू_मिसिसागा · गुरुवार, दुपारी ३.२०

मांजर बघून घेता येतं. मी घेतलंय एकदा. भंगारवाल्याला तुझा व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) दे आणि दातांचा रेशो तोच आहे का पक्कं कर. नुसतं "सिएनाचं आहे" चालणार नाही, पुढच्या आणि मागच्या रेशोचा मेळ बसला नाही तर कपलिंग कायम भांडत राहील. शक्यतो बर्फ न पडणाऱ्या राज्यातल्या गाडीचं घे. आल्यावर भरायचा बोल्ट उघडून तेल बघ, पिनियन हाताने फिरव, खडा अडकल्यासारखं लागलं तर तसंच परत पाठव. आणि बाहेर आहे तोवर दोन्ही बाजूंचे सील नवीन टाक, नंतर वीस डॉलरच्या सीलसाठी सगळं परत उतरवावं लागेल.

बर्फाळ_बंड्या · पुढचा मंगळवार, रात्री ९.३०

मिळालं. टेक्सासमधल्या अपघातात गेलेल्या गाडीचं, ८४ हजार मैलांचं, कपलिंगसकट ४२५ डॉलर, वाहतूक वेगळी. व्हिन टाकून जुळवून घेतलं. तेल मधाच्या रंगाचं, चुंबकावर नुसता बारीक लेप, पिनियन लोण्यासारखा फिरतो. आणि बोल्ट! पांढरेशुभ्र बोल्ट! मला वाटलं नव्हतं की गाडीच्या खालचं लोखंड चांदीच्या रंगाचं असतं.

शनिवारी बसवतोय. शेजारचा मित्र मदतीला आहे, नागपूरचा, त्याला फक्त सावजी चिकन कबूल करावं लागलं.

गॅरेजवाले_आप्पा · मंगळवार, रात्री ९.४५

गाडी घोड्यांवर (जॅक-स्टँडवर) ठेव, नुसत्या जॅकवर खाली शिरलास तर मी फोन करून शिव्या घालीन. पुढच्या चाकांना दगड लाव. शाफ्ट सोडायच्या आधी फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) रंगाने रेघ मार, होता तसाच परत बसला पाहिजे नाहीतर नवीनच थरथर मागं लागेल. कपलिंगची वायर आधी सोड, मग लाडू उतरव, उलटं केलंस तर वायर लाडवाबरोबर खाली.

बर्फाळ_बंड्या · रविवार, रात्री ८.५०

झालं!!! दोन दिवस लागले, शनिवारी सकाळी नऊ ते रात्री अकरा आणि आज दुपारपर्यंत.

थोडक्यात लिहितो कारण हात उचलत नाहीत. सायलेन्सरचा पाइप रबरांतून सोडून बाजूला केला, शाफ्ट खुणा करून सोडला, वायर आणि वरची हवेची नळी सोडली. इथपर्यंत दोन तास. मग ॲक्सल. डावा दोन फटक्यांत सुटला, कारण त्या बाजूचं हब नवीन होतं! त्या ३८० डॉलरचा तेवढाच उपयोग. उजवा... उजव्याने चार तास घेतले. ॲक्सल हबमध्ये असा गंजून बसला होता की जणू एकसंध ओतलाय. औषध, हातोडी, शेगडीसारखं ते टॉर्च, मित्राच्या वऱ्हाडी शिव्या, सगळं झालं. शेवटी ऑटो पार्टच्या दुकानातून डिपॉझिट ठेवून पुलर (ओढून काढायचं हत्यार) आणला, लावला, ताणून ठेवला आणि जेवायला गेलो. वरण-भात खात होतो आणि गॅरेजमधून बंदूक सुटल्यासारखा आवाज आला. आपोआप सुटला होता.

डिफरन्शियल उतरवताना खाली ट्रान्समिशनचा जॅक भाड्याने आणला होता म्हणून जमलं. दोघांनी पोटावर धरून उतरवायचा विचार असेल कुणाचा तर नका करू.

चढवताना ॲक्सलच्या स्प्लाइनला (टोकाच्या खाचांना) ग्रीस, नवे सील, नवं तेल. तेल भोकातून ओघळायला लागेपर्यंत, गाडी सपाट ठेवून.

चाललो ५५ ने. काही नाही. शांत. इतकं शांत की आता पुढच्या डाव्या दारातून वारा येतो ते ऐकू यायला लागलंय.

मिसळ_आणि_मोटर · रविवार, रात्री ९.०५

अभिनंदन!! वरण-भात खाताना सुटलं हे बेस्ट 😀

कंपनसुंदरी · रविवार, रात्री ९.२०

मस्त. आता तोच फोन, तीच तिसरी रांग, तेच तीन वेग, परत रेकॉर्ड करा. कानाला आनंदात सगळंच शांत वाटतं.

बर्फाळ_बंड्या · सोमवार, रात्री ७.४५

केलं. टेकाड सपाट. मुलगी म्हणते विमान उतरलं.

एकूण खर्च: डिफरन्शियल ४२५, वाहतूक १४०, सील-तेल-औषधं ९५, जॅकचं भाडं ४०. म्हणजे बरोबर ७००. अधिक हबचे ३८०, ते मी शिकवणीची फी म्हणून धरतो. सावजी वेगळं.

गॅरेजवाले_आप्पा · सोमवार, रात्री ८.१०

जुनं टाकलं नाहीस ना? उघड ते. मला आतलं बघायचंय. आता गाडी चालू हाय, घाई नाही, बिघडलं तरी बिघडलेलंच हाय.

बर्फाळ_बंड्या · तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४.००

आप्पांच्या आग्रहाखातर उघडलं. आठ फोटो टाकलेत. पिनियनचं पुढचं बेरिंग बघा, बाहेरच्या कडीवर एका बाजूने देवीचे व्रण असावेत तसे खड्डे, दोन रोलरचं कातडं सोललेलं. मागचं बेरिंग बरं आहे. क्राऊनचे दात माझ्या डोळ्यांना चांगलेच दिसतायत.

गॅरेजवाले_आप्पा · शनिवार, संध्याकाळी ५.२५

चौथा फोटो मोठा करून बघ. दाताच्या पाठीवर, पाय काढल्यावर ज्या बाजूवर जोर येतो तिकडं, टोकाला चकाकी आलीय. पिनियन सैल होऊन सरकायला लागला होता त्याची खूण. अजून दहा हजार मैल चालवला असतास तर दात गेले असते. आत्ता चारी बेरिंगं टाकून हे परत उभं राहतंय. आण बेरिंगं, हिवाळाभर तुला दुसरं काय काम हाय. शेंदूर तिकडं मिळतो का बघ, नाहीतर मी पाठवतो.

बर्फाळ_बंड्या · शनिवार, संध्याकाळी ६.१०

बेरिंगं मागवली. बायको म्हणते गणपतीच्या मखराचं खोकं ठेवायच्या फळीवर हे तेलकट धूड किती दिवस राहणार. मी मार्च म्हणालोय.

निळू_मिसिसागा · शनिवार, संध्याकाळी ६.३०

बसवलेल्याचं तेल हजारभर मैलांनी एकदा तपास. आणि ड्रेनच्या बोल्टचा वायसर नवीन टाकला होतास ना?

बर्फाळ_बंड्या · शनिवार, संध्याकाळी ६.४८

भरायच्या बोल्टचा टाकला. ड्रेनचा... थांब, खाली जाऊन बघून येतो.

बर्फाळ_बंड्या · शनिवार, संध्याकाळी ७.२०

जुनाच आहे. कोरडा आहे पण. सोमवारी तीन डॉलरचे दोन आणतो.